उचल अंगावर असताना काम सोडता येतं का?

दिवाळी सरते, नागली-वरईची कापणी-झोडणी उरकते आणि सूर्यमाळ, खोडाळा, मोखाडा, जव्हार या पट्ट्यातल्या पाड्यांवरची घरं एकेक करून बंद होऊ लागतात. माणसं जगायला जातात. कुणी भिवंडी, वसई, वाड्याकडच्या वीटभट्ट्यांवर, कुणी नाशिकच्या द्राक्षबागांत, कुणी कल्याण-विरारच्या नाक्यांवर. बऱ्याच जणांनी त्याआधीच, ऐन पावसाळ्यात घरातले दाणे संपल्यावर, मुकादमाकडून पैसे उचललेले असतात. पुढे मालक चांगला निघाला तर ठीक. तो शिव्या देणारा, हात उगारणारा, हिशेब दाबणारा निघाला, की मजुराच्या मनात एकच प्रश्न उरतो: उचल फिटलेली नाही, मग निघून आलो तर पोलीस मलाच धरतील का?

या प्रकरणात त्या प्रश्नाचं उत्तर शोधायचं आहे. भट्टीचं उदाहरण पुढे सतत येईल, कारण या भागात तेच सगळ्यात जास्त लागू पडतं. पण शेतावरचा गडी, हॉटेलातला पोऱ्या, बंगल्यावर राहून काम करणारी बाई, तारापूरच्या कारखान्यातला ठेकेदाराचा कामगार, यांच्यापैकी कुणालाही यातलं बरंच काही उपयोगी पडेल.

१. थेट उत्तर

नाही. उचल घेऊन काम अर्धवट सोडलं, एवढ्यावरून पोलीस कुणाला अटक करू शकत नाहीत. पैसे देणं राहिलं ही दोन माणसांमधली देण्याघेण्याची बाब आहे. आपलं येणं आहे असं मालकाला वाटत असेल, तर त्याने दिवाणी न्यायालयात दावा लावावा. गाडी पाठवून माणसाला उचलून न्यायचा, बायकोला किंवा पोराला भट्टीवर ठेवून घ्यायचा, रेशनकार्ड, आधारकार्ड, एटीएम कार्ड अडकवून ठेवायचा अधिकार त्याला कुठल्याही कायद्याने दिलेला नाही.

शेजाऱ्याकडून पेरणीला पायलीभर भात उसनं घेतलं, तर सुगीला ते भात परत जातं; तोवर शेजारी आपल्याला त्याच्या गोठ्यात बांधून ठेवत नाही. उचलीचंही तसंच आहे. पैशाचं देणं पैशानेच फेडायचं असतं.

कायदा इथेच थांबत नाही. उचलीच्या जोरावर तुम्हाला बांधून ठेवलं असेल, तर ती उचल फेडण्याची जबाबदारीच संपते. हे ऐकून बहुतेकांचा विश्वास बसत नाही, म्हणून ते नीट समजून घ्यायला हवं. त्यासाठी आधी उचल माणसाला कशी बांधते ते पाहू.

२. भट्टीचा हिशेब

एक नवरा-बायको धरू. त्यांनी पावसाळ्यात २५,००० रुपये उचलले. मुकादम म्हणाला, हजार विटांना ८०० रुपये. हंगाम २४ आठवड्यांचा. दोघं मिळून आठवड्याला ५,००० कच्च्या विटा थापतात. म्हणजे हंगामात १,२०,००० विटा आणि ९६,००० रुपये. दर आठवड्याला बाजारहाटाला १,५०० रुपये खर्ची मिळते, तिचे झाले ३६,०००. खर्ची आणि उचल मिळून ६१,००० वजा केले, की पावसाच्या तोंडावर ३५,००० रुपये हातात घेऊन हे कुटुंब घरी यायला हवं. (हे आकडे समजण्यापुरते धरले आहेत. तुमचे वेगळे असतील, पण रीत हीच.)

आता मालकाची वही उघडते. तिच्यात दर ६०० लिहिलेला असतो. अवकाळीत भिजल्या, फुटल्या म्हणून २०,००० विटा वजा होतात. उरलेल्या एक लाख विटांचे ६०,००० होतात. त्यातून खर्चीचे ३६,००० गेले, उचलीचे २५,००० गेले, पोर आजारी पडलं तेव्हा दवाखान्याला दिलेले ३,००० गेले. बाकी निघते उणे ४,०००. पस्तीस हजार घेऊन येणारं घर चार हजारांचं देणं घेऊन परततं, आणि पुढच्या दिवाळीला त्याच भट्टीवर जाणं ठरून जातं.

हा ३९,००० रुपयांचा फरक कुठून आला? दर बदलला त्याचे २४,०००, कापलेल्या विटांचे १२,०००, दवाखान्याचे ३,०००. यातलं सगळ्यात मोठं भोक दराचं आहे, आणि ते पडलं कारण दर फक्त तोंडी ठरला होता.

आणखी एक भागाकार करून पाहू. आठवड्याचे सहा दिवस धरले, तर २४ आठवड्यांचे १४४ दिवस होतात. दोन माणसांच्या मजुरीचे २८८ दिवस. मालकाच्या हिशेबाने ६०,००० भागिले २८८, म्हणजे माणशी दिवसाला सुमारे २०८ रुपये. पहाटे अंधारात चिखल तुडवण्यापासून धरले तर दिवसाचे तास आठाच्या बरेच वर जातात, आणि विटा पलटणाऱ्या पोरांचे हात तर कुणी मोजतच नाही. हा आकडा सरकारने जाहीर केलेल्या किमान वेतनाशी ताडून पाहायचा. किमान वेतनाचा दर काम कुठलं आणि भाग कुठला यावर ठरतो आणि वेळोवेळी बदलतो. चालू दर कामगार आयुक्तांच्या कार्यालयात विचारून घ्यावा. नगावर काम असलं, तरी दिवसाची कमाई किमान वेतनाच्या खाली जाता कामा नये.

३. वेठबिगार कुणाला म्हणायचं

पायात साखळदंड, हातात चाबूक घेतलेला जमीनदार, असं वेठबिगारीचं एक चित्र आपल्या डोक्यात असतं. त्यामुळे मजूर स्वतःही म्हणतो, मी कुठे वेठबिगार? मला तर खर्ची मिळते. कायद्याला साखळदंड लागत नाही.

वेठबिगार पद्धतीच्या निर्मूलनाचा कायदा १९७६ सालचा. त्याआधी २५ ऑक्टोबर १९७५ रोजीच अध्यादेशाने ही पद्धत देशभर रद्द झाली होती. आगाऊ रक्कम, रूढी किंवा बापजाद्यांचं देणं, यांच्या बदल्यात माणूस काम करत असेल, तर स्वतःला चार प्रश्न विचारायचे. मला मजुरी मिळतच नाही, किंवा नावापुरती मिळते का? हे काम सोडून दुसरं काम धरायला मला अडवलं जातं का? बाजारला, गावाला, दवाखान्यात मोकळेपणी जाता येतं का? माझे श्रम किंवा माझा माल बाजारभावाने विकायची मला मुभा आहे का? चारपैकी एका जरी बाबतीत अडवणूक असली, तरी ती वेठबिगारी ठरते. ‘नावापुरती मजुरी’ म्हणजे किती, हेही कायदाच सांगतो. सरकारने ठरवलेल्या किमान वेतनापेक्षा कमी, आणि तसं वेतन ठरलेलं नसेल तर त्या भागात त्या कामाला जे मिळतं त्यापेक्षा कमी.

वरच्या जोडप्याकडे आता पुन्हा पाहा. उचल आहे, मजुरी किमान वेतनाखाली गेली असण्याची दाट शक्यता आहे, आणि ‘देणं फेडल्याशिवाय हलायचं नाही’ असं मालक म्हणतो आहे. त्यांना कुणी मारलं नसलं, तरी त्यांच्या बाबतीत हा कायदा लागू होऊ शकतो.

लागू झाला की काय होतं? उचल फेडण्याची जबाबदारी संपते. त्यापोटी लिहून घेतलेला कागद, अंगठा, करार रद्द होतो. गहाण ठेवलेली वस्तू परत द्यावी लागते. संपलेल्या उचलीचे पैसे मालकाने नंतर घेतले, तर तोच गुन्हा ठरतो. माणसाला वेठीला धरणं, त्यासाठी आगाऊ रक्कम देणं, यांना तीन वर्षांपर्यंत कैद आणि दोन हजार रुपयांपर्यंत दंड आहे. दोन हजार ही रक्कम १९७६ सालची आहे. ती कधीच वाढवायला हवी होती.

वेतन, कारखाने, ठेका कामगार यांचे जुने कायदे एकत्र करून केलेल्या चार श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. ‘जुने कायदे गेले’ असं मुकादम सांगत असतील, तर लक्षात ठेवायचं की वेठबिगारीचा १९७६चा कायदा त्या संहितांमध्ये विरघळलेला नाही. तो स्वतंत्रपणे उभा आहे.

४. या मातीतली लढाई

आजच्या पालघर जिल्ह्यात ही गोष्ट दिल्लीच्या कायद्याच्या तीस वर्षं आधी सुरू झाली. २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळच्या झरी गावात हजारो वारली जमले. गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर किसान सभेच्या वतीने तिथे होते. यापुढे वेठ करायची नाही आणि रोख बारा आणे मजुरी मिळाल्याशिवाय जमीनदाराच्या खाजगी शेतात राबायचं नाही, असं तिथे ठरलं. लग्नासाठी काढलेल्या कर्जापोटी नवरा-बायको दोघंही सावकाराकडे राबत, त्यांना लग्नगडी म्हणत. तेही या लढ्यात मोकळे झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरात तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण मारले गेले, त्यांत जेठ्या गांगड होता. गोदावरीबाईंनी हा सगळा काळ ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहून ठेवला आहे. या भागात राहणाऱ्या प्रत्येकाने ते वाचावं असं मला मनापासून वाटतं.

कायदा झाल्यावरही माणसं आपोआप सुटली नाहीत. वसई तालुक्यात १९८२ साली विवेक आणि विद्युल्लता पंडित यांनी वेठबिगारांना सोडवण्याचं काम हाती घेतलं, त्यातून श्रमजीवी संघटना उभी राहिली. मालकांचे हल्ले झाले, तरी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या शेकडो माणसांना सरकारी नोंदीत मुक्त वेठबिगार म्हणून जागा मिळाली. भट्टीवरच्या झोपडीला भोंगा म्हणतात. त्या भोंग्यांतल्या पोरांसाठी पंडितांच्या विधायक संसद या संस्थेने भोंगाशाळा चालवल्या.

आणि तरीही २०२१ साली मोखाडा तालुक्यातल्या एका कातकरी मजुराच्या मृत्यूने महाराष्ट्र हादरला. मुलाच्या कफनासाठी मालकाकडून घेतलेल्या ५०० रुपयांपोटी त्याला महिनोन्‌महिने राबवून घेतलं, त्या त्रासातून त्याने जीव दिला, अशी घरच्यांची तक्रार होती. मालकावर वेठबिगारीच्या कायद्याखाली गुन्हा दाखल झाला. ही रक्कम वाचताना माझा संताप होतो. पाचशे रुपयांना माणूस अडकतो, कारण त्या दिवशी पाचशे रुपये देणारं दुसरं कुणीच नसतं. कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी जमातींपैकी एक आहे. कात पाडायचं पिढीजात काम जंगलाच्या बंधनांनी संपल्यावर ही जमात कोळशाच्या आणि विटांच्या भट्ट्यांकडे ढकलली गेली. शेत नाही, साठवण नाही. अशा घराला पहिलं कर्ज मालकच देतो, आणि त्याच कर्जाच्या जोरावर पुढची मजुरीही तोच ठरवतो.

५. पुरावा कुणी द्यायचा

‘माझ्याकडे कागद नाही’ हे वाक्य मजुरांच्या तोंडी सगळ्यात जास्त येतं. वही मालकाची, गाडी मालकाची, दर मुकादमाच्या तोंडात. मग सिद्ध कसं करायचं?

कायदा करणाऱ्यांना ही अडचण ठाऊक होती. म्हणून १९७६च्या कायद्यात एक उलटी तरतूद आहे. मजुराने किंवा जिल्ह्याच्या, उपविभागाच्या दक्षता समितीने ‘हे वेठीचं देणं आहे’ असं म्हटलं, की ते तसं नाही हे सिद्ध करण्याचा भार मालकावर येतो. सर्वोच्च न्यायालयाने हे आणखी पुढे नेलं. दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या बांधकामावरच्या मजुरांचा खटला १९८२ साली निकाली निघाला. त्यात न्यायालय म्हणालं की किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करायला लागणं, ही राज्यघटनेच्या कलम २३ ने बंदी घातलेली सक्तीची मजुरीच आहे. सक्ती फक्त काठीची नसते, भुकेचीही असते. पुढे फरीदाबादच्या दगडखाणींतल्या मजुरांसाठी बंधुआ मुक्ती मोर्चाने केलेल्या खटल्यात न्यायालयाने सांगितलं की मजुराकडून सक्तीने काम करून घेतलं जात आहे असं दिसलं, तर ते आगाऊ रकमेपोटीच आहे असं धरून चालायचं; तसं नसेल तर मालकाने दाखवून द्यावं. हे दोन्ही निकाल न्यायमूर्ती भगवतींचे. दोन्ही खटल्यांची सुरुवात न्यायालयाला पाठवलेल्या पत्राने झाली होती, मोठ्या वकिलाने बांधलेल्या दाव्याने नव्हे.

मजुरीच्या हिशेबालाही हेच लागू आहे. वेतन संहितेप्रमाणे कमी किंवा न दिलेल्या मजुरीचा दावा तीन वर्षांच्या आत करता येतो, आणि पैसे दिले हे दाखवण्याचं काम मालकाचं असतं. अधिकाऱ्याला दावा पटला तर राहिलेल्या रकमेवर, तिच्या दहापटीपर्यंत भरपाईही देववता येते. काम सोडलं किंवा काढून टाकलं, तर दोन कामाच्या दिवसांत हिशेब मिळायला हवा.

भार मालकावर आहे म्हणून आपण रिकाम्या हाताने जावं, असं मात्र नाही. शाळेतल्या पोरीच्या वहीत रोजच्या विटांचा आकडा आणि खर्ची लिहिली, तर तो पुरावा होतो. मुकादमाशी दराबद्दल बोललेलं फोनवर ध्वनिमुद्रित केलं, भट्टीचा आणि भोंग्याचा तारीख दिसेल असा फोटो काढला, ज्या टेम्पोतून गेलो त्याचा नंबर घरी कळवला, तर त्याचंही मोल पुढे कळतं. जाण्याआधी भट्टीचं गाव, मालकाचं नाव आणि ठरलेला दर ग्रामपंचायतीत किंवा आपल्या शिक्षकाकडे लिहून ठेवला, तर शोधायला येणाऱ्याचा अर्धा वेळ वाचतो.

६. शिव्या, मार, जात आणि बाईमाणूस

उचलीचा प्रश्न नसतानाही मालक छळतो. भारतात ‘छळणारा मालक’ या एकाच नावाचा कायदा नाही. प्रत्येक कृत्याला वेगळा कायदा लागतो, म्हणून काय झालं ते तुकड्यातुकड्याने सांगावं लागतं. ‘तो फार त्रास देतो’ असं लिहिलेला अर्ज फाइलमध्ये पडून राहतो. ‘अमुक तारखेला, अमुक माणसांसमोर, फावड्याच्या दांड्याने मारलं, खोलीला बाहेरून कडी घातली’ असं लिहिलं, की पोलिसांना त्यावर कलम लावावं लागतं. मारहाण, कोंडून ठेवणं, धमकी हे गुन्हे आहेतच. कुणाच्या इच्छेविरुद्ध त्याच्याकडून बेकायदेशीरपणे काम करून घेणं हाही भारतीय न्याय संहितेत वेगळा गुन्हा आहे.

मजूर आदिवासी किंवा अनुसूचित जातीचा आणि मालक त्याबाहेरचा असेल, तर १९८९चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागतो. त्यात वेठ करायला लावणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, आणि त्याला सहा महिने ते पाच वर्षं कैद आहे. चारचौघांत जातीवरून शिवी देणं, अपमान करणं हाही गुन्हा आहे. इथे ‘चारचौघांत’ हा शब्द महत्त्वाचा. ती शिवी कुणी कुणी ऐकली, त्यांची नावं तक्रारीत लिहायला विसरू नये. या कायद्याखाली गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशी करण्याची गरज नाही. ‘आधी चौकशी करतो, मग बघू’ असं ठाण्यात ऐकायला मिळालं, तर हे सांगायचं.

बाईला मालकाने, मुकादमाने किंवा त्याच्या माणसाने वाईट हेतूने हात लावला, घाणेरडं बोललं, रात्री बोलावलं, तर पोलिसांकडे जाता येतंच. त्याशिवाय २०१३च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती असते. दहापेक्षा कमी माणसं असलेल्या जागी काम करणारी, घरकाम करणारी, किंवा खुद्द मालकाविरुद्ध तक्रार असलेली बाई तिथे जाऊ शकते. तक्रार तीन महिन्यांच्या आत द्यायची असते. अडचण पटली तर समिती आणखी तीन महिने देते. हंगाम संपल्यावर गावी येऊन तक्रार करू, असं म्हणता म्हणता ही मुदत निघून जाते.

७. कुठल्या दारात जायचं

जीव धोक्यात असेल तर ११२. बाईसाठी १८१, मुलांसाठी १०९८. हे फोन भट्टीवरूनही लागतात.

वेठबिगारीतून सोडवण्याचा अधिकार मुख्यतः जिल्हाधिकारी आणि प्रांत यांचा आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. लोक तलाठ्याकडे जातात, सरपंचाकडे जातात आणि तिथेच अडकतात. जिल्हा आणि उपविभाग या दोन्ही पातळ्यांवर कायद्याने दक्षता समिती ठेवलेली आहे, आणि तिच्यात अनुसूचित जाती-जमातीचे सदस्य असावे लागतात. अर्ज साध्या कागदावर करता येतो. मजुराच्या वतीने नातेवाईक, शिक्षक, संघटना कुणीही तो देऊ शकतं. एक प्रत पोच घेऊन स्वतःजवळ ठेवावी.

भट्टी भिवंडीला, म्हणजे ठाणे जिल्ह्यात, आणि घर मोखाड्याला, म्हणजे पालघर जिल्ह्यात. मग ‘आमची हद्द नाही’ हे उत्तर मिळतं. नव्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, कुठल्याही ठाण्यात तो नोंदवता येतो. तिथून तो योग्य ठाण्याकडे पाठवायचं काम पोलिसांचं. नोंदीची प्रत फुकट मिळते. ठाणेदाराने नकार दिला तर तीच तक्रार लेखी करून पोलीस अधीक्षकांकडे टपालाने पाठवायची.

वकिलाचा खर्च कोण करणार? आदिवासींना, स्त्रियांना आणि वेठीचा बळी ठरलेल्या कुणालाही, कमाई कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो. तालुका न्यायालयात विधी सेवा समिती असते, १५१०० या क्रमांकावरही विचारता येतं.

८. ‘मिटवून टाका’

तक्रार झाली की दोन दिवसांत मालकाचा माणूस पाड्यावर येतो. सोबत गावातलाच कुणी ओळखीचा असतो. ‘दादा, कोर्टकचेऱ्या कशाला? हे दहा हजार घे, उचल माफ, इथे अंगठा दे.’ घरात तांदूळ नसताना दहा हजार फार मोठे असतात, आणि ते घेणाऱ्याला नावं ठेवायचा हक्क मला तरी नाही. पण त्या कागदावर काय लिहिलं आहे, हे वाचणाऱ्या माणसाकडून वाचून घ्यावं. ‘मी स्वखुशीने काम करत होतो, सर्व मजुरी मिळाली’ असं त्यात असलं, तर पुढचा सगळा दावा त्या एका अंगठ्याने कापला जातो. उचल माफ करणं ही मालकाची मेहेरबानीही नाही. वेठीचं देणं कायद्याने आधीच संपलेलं असतं.

९. मुक्ती प्रमाणपत्र

चौकशीनंतर जिल्हाधिकारी किंवा प्रांत मुक्ती प्रमाणपत्र देतात. सगळ्या प्रकरणात हा कागद सर्वांत मोलाचा आहे. पोलिसांनी टेम्पोत बसवून घरी आणून सोडलं पण प्रमाणपत्र दिलं नाही, तर सरकारच्या नोंदीत तो मजूर वेठबिगार नव्हताच, आणि पुनर्वसनाची दारं बंद राहतात. केंद्राच्या योजनेत सुटका झाल्यावर लगेच ३०,००० रुपयांपर्यंत मदत आहे. पुढची मोठी रक्कम पुरुषाला एक लाख, स्त्रिया आणि मुलांना दोन लाख, आणि लैंगिक शोषण किंवा मानवी तस्करीतून सुटलेल्यांसारख्या फार बिकट स्थितीतल्यांना तीन लाख अशी आहे. ही मोठी रक्कम खटल्याच्या निकालाशी जोडलेली असल्याने ती यायला वर्षं लागतात, आणि याच जागी योजना सर्वांत कमजोर पडते. मधल्या पावसाळ्यात घर पुन्हा त्याच मुकादमाकडे जाऊ नये, म्हणून तातडीच्या मदतीचा अर्ज आणि रोजगार हमीच्या कामाची लेखी मागणी एकाच दिवशी द्यावी. काम मागितल्यावर १५ दिवसांत मिळालं नाही, तर बेकारी भत्ता मागता येतो. मालकाच्या जागेत राहतं घर असेल, तर सुटकेनंतर तिथून हाकलायलाही कायद्याची बंदी आहे.

प्रमाणपत्र हातात आलं की कार्यालयातच ते वाचून घ्यावं. भट्टीवर काम जोडीचं धरतात आणि वहीत नाव एकट्या नवऱ्याचं असतं. तीच वही पाहून प्रमाणपत्रही एकट्या नवऱ्याच्या नावाने निघू शकतं. चिखल तुडवणारी, विटा थापणारी बायको आणि त्या पलटणारी पोरं त्यातून गळतात, आणि त्यांच्या वाट्याची मदतही गळते. म्हणून जबाब देतानाच घरातल्या प्रत्येकाचं नाव, वय आणि ते कोणतं काम करत होते हे लिहायला लावावं. बाईचा जबाब नवऱ्याच्या जबाबात मिसळू न देता वेगळा घ्यायला सांगावं. नाव राहिलं असेल, तर कार्यालयातून उठण्याआधीच दुरुस्तीचा अर्ज देऊन त्याची पोच घ्यावी.